'रिव्हॉल्व्हर' की 'सार्जंट पेपर'? प्रश्न पाठभेदाचा

बीटल्सचा सर्वश्रेष्ठ अल्बम कोणता, हा वाद अर्धशतकाहून जुना आहे. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या २००३ च्या यादीत 'सार्जंट पेपर' पहिला होता. २०२० च्या यादीत तो २४ वा ठरला आणि 'रिव्हॉल्व्हर' त्याच्या पुढे, ११ वा. हा केवळ अभिरुचीतील बदल मानावा काय?

ऑगस्ट १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या 'रिव्हॉल्व्हर'मध्ये १४ गाणी होती. अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीने ११ च दिली. वगळलेली तिन्ही मुख्यत्वे जॉन लेननची. ती तिने जूनमध्येच दुसऱ्या अल्बममध्ये घातली होती. परिणामी अमेरिकी तबकडीत लेननचा मुख्य स्वर दोनच गाण्यांत उरला. १९६७ चा 'सार्जंट पेपर' मात्र दोन्ही देशांत सारख्याच गाण्यांसह आला. 'रिव्हॉल्व्हर'चा ब्रिटिश पाठ सर्वत्र प्रमाण ठरला तो १९८७ च्या सीडीमुळे.

म्हणजे दोन दशके दोन्ही देशांतील चाहते एकाच नावाच्या दोन कृतींविषयी वाद घालत होते. क्रमवारी बदलण्याचे हे एकमेव कारण नव्हे. २०२० मध्ये कौल देणारेही नवे होते. परंतु बखरीची कोणती प्रत समोर आहे हे पाहिल्यावाचून आपण तिच्याविषयी निष्कर्ष काढत नाही. जुन्या श्रोत्याची साक्ष घेतानाही आधी विचारावे : आपल्याकडे कोणती तबकडी होती?