मनःशांतीच्या गोळीची परतीची वाट

औषध सुरू कसे करावे याचे शास्त्र फार जुने. ते सोडवावे कसे याचे शास्त्र मात्र अगदी अलीकडचे. चिंतेवरील गोळ्यांच्या बाबतीत तर हे दुसरे शास्त्र पहिल्यामागून वीस वर्षे रखडत आले, आणि त्या दिरंगाईचा भुर्दंड जुनाट दुखण्याने आधीच गांजलेल्या रोग्यांना दुहेरी भरावा लागला.

1957 मध्ये अमेरिकेतील नटली येथे, रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत आवराआवर चालू असता, लिओ स्टर्नबाख यांनी दोन वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेले एक स्फटिकरूप द्रव्य पुन्हा नजरेस पडले. ते फेकून न देता प्राण्यांवर तपासण्यात आले. त्यातून 1960 मध्ये ‘लिब्रियम’ आणि 1963 मध्ये ‘व्हॅलियम’ अवतरले. यापूर्वीच्या बार्बिच्युरेट जातीच्या औषधांची मात्रा थोडी अधिक झाली की जिवावर बेतत असे. नवी गोळी त्या मानाने निर्धोक होती. मग ती केवळ भित्र्या मनाच्या माणसांनाच नव्हे, तर पाठीचे स्नायू आखडलेल्यांना, हृदयविकाराने धास्तावलेल्यांना, पोटाच्या व्रणाने त्रस्त झालेल्यांनाही मुक्त हस्ते देण्यात येऊ लागली. आपल्याकडे 1969 च्या सुमारास हेच द्रव्य ‘काम्पोज’ या नावाने आले आणि रक्तदाबाच्या गोळीशेजारी अनेक घरांत जाऊन बसले.

धोक्याची सूचना मात्र फार लवकर मिळाली होती. लिओ हॉलिस्टर या अमेरिकन वैद्याने 1961 मध्येच एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही महिने लिब्रियमची मोठी मात्रा घेत असलेल्या 11 रोग्यांना, त्यांच्या नकळत, एकाएकी निव्वळ बनावट गोळ्या देण्यात आल्या. त्यांपैकी 10 जणांना अस्वस्थता, निद्रानाश, मळमळ असे विकार जडले. दोघांना तर फेफऱ्यासारखे झटके आले. हे सारे लगेच नव्हे, काही दिवसांनी घडले. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, हे उघड आहे. ‘मात्रा अवाढव्य होती’ असे म्हणून वैद्यकजगताने तो बाजूस सारला. नेहमीच्या मात्रेवर असलेल्या 16 रोग्यांची पद्धतशीर पाहणी लंडनमध्ये पीटर्सन व लेडर यांनी प्रसिद्ध केली, तेव्हा 1981 साल उजाडले होते. गोळी थांबताच त्या सोळाही जणांना कमीअधिक त्रास झाला होता.

इतकी वर्षे हे ध्यानात का आले नाही? मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक शामक द्रव्य असते. ही गोळी त्याचा परिणाम वाढवते. दीर्घकाळ तसे होत राहिले की मेंदू स्वतःचा प्रतिसाद मंदावून घेतो. आधार अकस्मात काढला की छातीत धडधड, घाम, स्नायूंचे आखडणे, पोटाचा बिघाड, धाप ही लक्षणे उसळतात. आता ज्याला मुळातच हृदयविकार वा संधिवात आहे, त्याने हे कशाचे फळ समजावे? रोग्याला वाटे, रोग उलटला. वैद्यालाही तेच वाटे, आणि नव्या तपासण्या व नवे औषध सुरू होई. हा चकवा रोग्याच्या मनाच्या दुबळेपणाच्या खाती जमा झाला, ही या इतिहासातील सर्वांत अन्यायाची गोष्ट म्हटली पाहिजे.

ही गाठ सोडवणाऱ्या हेदर अॅश्टन यांचा जन्म 1929 मध्ये डेहराडूनचा. भारतीय अरण्यांच्या वर्गीकरणामुळे वनखात्यात ज्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते, त्या हॅरी चॅम्पियन यांच्या या कन्या. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे 1982 पासून 1994 पर्यंत त्यांनी केवळ या गोळ्या सोडू इच्छिणाऱ्यांसाठी चिकित्सालय चालवले. तेथे सुमारे 300 रोगी आले. त्यांतील काहींच्या आतड्यांच्या व मज्जासंस्थेच्या तपासण्या तज्ज्ञांकडे होऊन चुकल्या होत्या. अॅश्टन त्यांचे ऐकून घेत. अल्पकाळ टिकणाऱ्या गोळीऐवजी, शरीरातून सावकाश उतरणारे डायझेपाम हळूहळू द्यावयाचे आणि मग त्याची मात्रा एक-दोन आठवड्यांनी साधारण दहाव्या हिश्श्याने उतरवावयाची, अशी त्यांची रीत होती. वेग ठरवण्याचा अधिकार रोग्याचा. त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबावे, मात्र शक्यतो मागे फिरू नये.

जुनाट दुखण्यात हा हिशेब अधिक नाजूक होतो. पोटाच्या व्रणावरील सिमेटिडिन हे औषध 1976 मध्ये आले. ते यकृताचे काम मंदावते, त्यामुळे डायझेपाम रक्तात अधिक साठते. उतरणीच्या काळात हे औषध मध्येच बंद केले, तर गोळी न कापताही तिची पातळी घसरते. यकृत क्षीण झालेल्या रोग्यात द्रव्य आधीच रेंगाळते. अपस्माराच्या रोग्याला तर हीच गोळी झटक्यांपासून राखत असू शकते; तेथे उतरण्याचा विचारही तज्ज्ञाच्या देखरेखीवाचून करावयाचा नसतो.

ब्रिटिश औषध-सुरक्षा समितीने 1988 मध्ये या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत असे बजावले. पण वीस वर्षे त्या घेतलेल्यांना त्या सूचनेचा काय उपयोग? त्यांच्यासाठी अॅश्टन यांनी 1999 मध्ये आपली सारी कोष्टके एका पुस्तिकेत दिली. डायझेपामची उतरती मात्रा तीत अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत येते. त्या शेवटच्या तुकड्याचीच रोग्यांना सर्वांत अधिक धास्ती वाटे. प्रत्यक्षात तो सुटणे बहुधा आश्चर्य वाटावे इतके सोपे गेले, अशी त्यांची नोंद आहे.