लाल रेघ आणि संदर्भसूची

प्रबंध विद्यापीठात दाखल करण्याच्या आदल्या रात्री संगणकावर स्पेलिंग तपासून घेणे, हा आता जवळजवळ रिवाजच झाला आहे. तीनशे पानांवर लाल नागमोडी रेघा दिसू लागल्या की उमेदवाराचा धीर सुटतो आणि पडद्यावर जी दुरुस्ती सुचविली जाईल ती तो स्वीकारत जातो. मुख्य मजकुरात याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते तळटिपांत, अवतरणांत आणि संदर्भसूचीत. तेथील शब्द प्रबंधकर्त्याचे नसतात. ते दुसऱ्याच्या ग्रंथावरून जसेच्या तसे उतरविलेले असतात आणि ते ‘सुधारण्याचा’ अधिकार त्यालाही नसतो, मग यंत्राला कोठून असणार?

स्पेलिंग तपासणाऱ्या प्रणालीला अर्थ कळत नाही. तिच्याजवळ शब्दांची यादी असते. यादीत नसलेला शब्द आढळला की ती रेघ ओढते आणि त्याच्याशी मिळताजुळता शब्द पुढे करते. काही जुन्या प्रणालींच्या यादीत इंग्रजीतील ‘कोऑपरेशन’ हा शब्द केवळ मधल्या जोडरेघेसह होता. ती रेघ न देणाऱ्यांना ‘क्युपर्टिनो’ हे कॅलिफोर्नियातील गावाचे नाव सुचविले जाई. संयुक्त राष्ट्रसंघ आणि युरोपीय संघाच्या दस्तऐवजांतही ‘सहकार्या’च्या जागी हे गाव अवतरले आणि या प्रकाराला ‘क्युपर्टिनो परिणाम’ असेच नाव पडले.

मराठी माणसांची आडनावे तर अशा यादीत अभावानेच सापडतात. ‘परांजपे’ हे आडनाव रोमन लिपीत एकाहून अधिक प्रकारे लिहिले जाते. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्यात अखेरच्या ‘ई’आधी ‘वाय’ लिहीत. त्यांच्या ग्रंथाचा संदर्भ देताना तो ‘वाय’ राहिलाच पाहिजे, अन्यथा ग्रंथालयाच्या सूचीत शोधणाऱ्याला पुस्तक मिळणार नाही. स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स आपले नाव जाणीवपूर्वक लहान अक्षरांत लिहीत. तेथेही मोठे अक्षर करण्याची सूचना मानू नये.

ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगचा घोळ अधिक फसवा आहे. दस्तऐवजाची भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवली असेल तर ‘इंडियन जर्नल ऑफ लेबर इकॉनॉमिक्स’मधील ‘लेबर’वर रेघ येते आणि त्यातील ‘यू’ काढण्याची सूचना होते. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या नावात मात्र तो ‘यू’ नाही. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. हीच गोष्ट ‘बॉम्बे’ची. सर्व ठिकाणी एका झटक्यात ‘मुंबई’ करणाऱ्याच्या हातून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नाव तर बदलतेच, पण १९३० साली छापलेल्या ग्रंथाचे प्रकाशनस्थळही बदलते. मुखपृष्ठावर जे छापले आहे तेच सूचीत यावे, हा येथे सरळ नियम आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘केलें’ अशी सानुस्वार रूपे सर्रास आढळतात. राजवाड्यांनी संपादिलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेच्या शीर्षकातच असे दोन अनुस्वार आहेत. मराठी तपासणी प्रणाली त्यांना अशुद्ध ठरविणार, हे उघड आहे. ते काढून टाकले की अवतरण अवतरण राहत नाही.

युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर असेल तर परिस्थिती याहून बिकट. पडद्यावर मराठी अक्षरे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग असते. वाक्याचे पहिले अक्षर मोठे करण्याची ‘ऑटोकरेक्ट’ची सवय येथे थेट देवनागरी अक्षरच पालटते. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. ते शक्य नसेल तर ऑटोकरेक्ट पूर्ण बंद ठेवावे. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तर ते एरवीही तपासावे. संघटनास्वातंत्र्याचे कलम १९(१)(सी) इंग्रजीत टंकताना कंसातील ‘सी’चे कॉपीराइटचे चिन्ह होते आणि घाईत ते लक्षातही येत नाही.

यावर उपाय ‘वर्ड’मध्येच आहे. संदर्भसूची निवडून ‘रिव्ह्यू’ या विभागातील ‘लँग्वेज’मध्ये जावे, ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’ उघडावे आणि ‘डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर’ या चौकटीत खूण करावी. लिब्रेऑफिसमध्ये निवडलेल्या मजकुराची भाषा ‘नन’ ठेवली की तेच साधते. दीर्घ अवतरणांसाठी आणि सूचीसाठी स्वतंत्र ‘स्टाइल’ करून तिच्यातच ही तरतूद केली तर प्रत्येक वेळी खूण करावी लागत नाही. फ्रेंच किंवा जर्मन शीर्षकांना त्या त्या भाषेची खूण द्यावी, म्हणजे त्यांतील खऱ्या चुका तरी सापडतात. मात्र तपासणीतून वगळलेला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटविला तर ती सूटही त्याच्याबरोबर जाऊ शकते आणि मग त्या परिच्छेदात रेघ का येत नाही, याचा उलगडा होत नाही.

‘इग्नोर ऑल’ आणि ‘ॲड टू डिक्शनरी’ यांतला फरकही जाणून घ्यावा. पहिल्याने शब्द त्या दस्तऐवजापुरता दुर्लक्षिला जातो. दुसऱ्याने तो शब्दकोशात कायमचा दाखल होतो. एखाद्या लेखकाचे नाव चुकीच्या स्पेलिंगसह एकदा आत गेले, की पुढच्या प्रत्येक लेखात ती चूक शुद्ध ठरते. ‘प्रूफिंग’च्या पर्यायांतील ‘कस्टम डिक्शनरीज’ उघडून असे शब्द काढता येतात.

झोटेरो, मेंडेली यांसारख्या संदर्भ-व्यवस्थापकांचा वापर करणाऱ्यांनी मजकुरातील संदर्भात हाताने दुरुस्ती करू नये. तो संदर्भ म्हणजे मूळ नोंदीचे प्रतिबिंब असते. सूची अद्ययावत होताच हाताने केलेली दुरुस्ती पुसली जाऊन जुनी चूक परत येऊ शकते. दुरुस्ती संग्रहातील मूळ नोंदीतच करावी.

संपूर्ण मोठ्या लिपीतील शब्द आणि आकडे असलेले शब्द ‘वर्ड’ सहसा तपासतच नाही. १९८९ चे १९९८ झाले, खंडाचा क्रमांक चुकला किंवा पृष्ठसंख्या उलटी पडली, तरी रेघ येत नाही. उद्धृत केलेला लेख अस्तित्वात आहे की नाही, हेही ती सांगत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले काल्पनिक संदर्भ या तपासणीतून निर्धोक पार पडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार साम्य मोजताना योग्य श्रेय दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची वगळली जाते. साम्य ६० टक्क्यांहून अधिक आढळल्यास प्रबंधाची नोंदणी रद्द होऊ शकते. व्याकरणाच्या सूचना स्वीकारत अवतरणचिन्हांतील वाक्यच बदलले गेले, तर ते मूळ लेखकाचेही राहत नाही आणि प्रबंधकर्त्याचेही होत नाही. म्हणून अखेरची तपासणी कागदावर छापून, मूळ ग्रंथ शेजारी उघडा ठेवूनच करावी. एकाने आकडे मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने ताळा घ्यावा, ही छापखान्यातील मुद्रितशोधकांची जुनी पद्धत त्यासाठी अजूनही उपयोगी पडते.