घडणावळ, मोड आणि जाड बूड

वेळणेश्वर हे गुहागर तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, किनाऱ्यालगत जुनं शिवमंदिर आणि त्या देवाला कुलदैवत मानणारी, देशभर पांगलेली घराणी, ही त्याची ओळख. इथल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत तांबं सापडत नाही, जस्त सापडत नाही आणि कथील तर आपल्याकडे पूर्वापार समुद्रापलीकडूनच येत आलं. तरीही या पट्ट्यातल्या जुन्या नांदत्या घरांच्या माळ्यांवर पितळी टोप, तांब्याचे हंडे, घंगाळं, पराती आणि बंब निघतात. म्हणजे दूरवरून आणलेल्या महाग धातूवर इथल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या पैसा घातला होता. चांगल्या, महाग भांड्यांवर खर्च करणं घरगुती स्वयंपाकाला परवडतं का, हा आज दुकानात तिहेरी थरांचं पातेलं हातात घेऊन पडणारा प्रश्न नवा नाही. कोकणातल्या घरांनी त्याला एक उत्तर दिलं होतं आणि त्यांच्यापुरतं ते बरोबरही होतं. पण ते ज्या व्यवहारावर उभं होतं तो व्यवहार आता उरलेला नाही, म्हणून ते जसंच्या तसं उचलता येणार नाही, असं माझं म्हणणं आहे.

धातू इथे समुद्राने आला. वेळणेश्वराच्या उत्तरेला, वाशिष्ठीच्या मुखाशी असलेलं दाभोळ हे मध्ययुगातलं मोठं बंदर. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोसाने तिथल्या व्यापाराच्या वर्णनात तांबं, पारा आणि हिंगूळ यांचा उल्लेख केला आहे. पुढे दाभोळ मागे पडलं आणि मुंबई वर आली. एकोणिसाव्या शतकात तांब्या-पितळेचे पत्रे विलायतेहून मुंबईत उतरत. पायधुणीजवळचा तांबाकाटा हे नाव त्या व्यापाराची खूण म्हणून आजही टिकून आहे. मुंबईहून माल गलबतांनी खाली येई, खाडीतून चिपळूणच्या गोवळकोट बंदराला लागे आणि तिथून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडेही जाई. पत्र्याचं भांडं करणारे तांबट आणि कासार घाटाच्या दोन्ही अंगांना होते. पुण्याच्या तांबट आळीतल्या घराण्यांत तर आपण पेशवाईत कोकणातून वर आलो अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. त्यांचं मठारकाम पाहण्यासारखं असतं. भांडं लोखंडी आधारावर धरून हातोडीचे ओळीने, एकाला एक लागून ठोके घालतात. अंगावर जी चकचकीत खळ्यांची नक्षी उठते ती शोभेची वाटते, पण तिचं खरं काम वेगळं आहे. ठोक्यांनी मऊ तांबं घट्ट होतं आणि पत्रा सहजी पोचत नाही. घडणावळ म्हणून गिऱ्हाईक जे देत असे, ते या टिकाऊपणाचे पैसे होते.

आता या खरेदीचा हिशेब पाहू. पितळी टोप नगावर नव्हे, वजनावर घेतला जाई. त्याच्या किमतीचे दोन भाग असत: धातूचा भाव आणि घडणावळ. भांडं फुटलं, गळायला लागलं किंवा घरावर वेळ आली की ते मोडीत देता येई आणि धातूची किंमत, थोडी घट जाऊन, परत हातात पडे. म्हणजे घरातून कायमची गेलेली रक्कम फक्त घडणावळीची आणि घटीची. बँक नसलेल्या गावात, सोनं घेण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबाला, मोठा हंडा ही शिल्लकच होती. लग्नात मुलीला भांडी देत ती याच हिशेबाने, आणि भांड्याच्या काठाखाली ठिपके टोचून नाव घालत तेही मालकी निर्विवाद राहावी म्हणूनच. देणाऱ्याचं नाव, घेणारीचं नाव, कधी तिथी किंवा साल, एवढा मजकूर त्या ठिपक्यांच्या ओळीत मावे. सावकारालाही या भांड्यांची किंमत ठाऊक होती. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60मध्ये कर्जदाराच्या ज्या वस्तूंवर जप्ती आणता येत नाही त्यांची यादी आहे आणि तिच्या अगदी सुरुवातीला अंगावरचे आवश्यक कपडे व अंथरूण-पांघरुणाबरोबर स्वयंपाकाची भांडी आहेत. कायद्याला असं संरक्षण घालावं लागतं ते भांडी उचलून नेण्याजोगी मोलाची होती म्हणून. कोकणातल्या कितीतरी गावांत देवळाची किंवा वाडीची सामायिक मोठी भांडी असत आणि लग्नाकार्याला, उत्सवाला ती वापरायला मिळत. शंभर पानांचा भात शिजवणारा टोप प्रत्येक घराने घ्यायचं कारणच नव्हतं. महाग वस्तू सगळ्यांनी मिळून घ्यायची ही रीत त्या व्यवहारातला सगळ्यात शहाणा भाग होता असं मला वाटतं, आणि तिचा आपण फार लवकर विसर पाडला.

पण भांडं परवडे ते एकदाच्या खरेदीवर नव्हे, देखभालीवर. कोकणचा स्वयंपाक आंबट आहे: आमसूल, चिंच, कैरी, ताक. उघड्या पितळेत किंवा तांब्यात हे पदार्थ कळकतात, हिरवट होतात, खाणाऱ्याला उलट्या होऊ शकतात. म्हणून आतून कल्हई हवीच. कल्हईवाला जमिनीत छोटा खड्डा करून भट्टी पेटवी आणि भात्याने फुलवी. घासलेलं भांडं निखाऱ्यांवर फिरवत तापवलं की त्यात नवसागराची चिमूट टाकी. पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठे आणि धातूवरची मळी सुटून अंग स्वच्छ होई. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे ते लगेच पाण्यासारखं पसरे. कापसाच्या बोळ्याने झपाट्याने ते सगळीकडे पुसून घेतलं की पिवळं भांडं आतून चांदीसारखं पांढरं होई. ही कल्हई रोजच्या वापरात काही महिन्यांत झिजे आणि पुन्हा लावावी लागे. म्हणजे महाग भांड्यामागे एक फिरता कारागीर, त्याची मजुरी आणि आयात केलेला तिसरा धातू उभा होता. पितळेतलं अन्न चवीला वेगळं लागतं, त्यात पितळेचे गुण उतरतात, असं आज पुष्कळजण सांगतात. त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की नीट कल्हई केलेल्या टोपात अन्नाला पितळ लागतच नाही, लागतं ते कथील. चवीतला फरक खरा असेल, पण त्याचं कारण भांड्याच्या जाडीत आणि चुलीच्या धगीत शोधायला हवं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. हे सगळं खाऊन-पिऊन सुखी घरांचं वर्णन झालं, कुळांच्या, गाबितांच्या, मजुरांच्या घरी इतका धातू होता कुठे? आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. माळ्यावर टिकलेली भांडी फक्त विकायची वेळ न आलेल्या घरांची साक्ष देतात. ज्यांनी दुष्काळात, आजारपणात किंवा मुलाला मुंबईला धाडताना हंडा मोडीत दिला, त्यांचा पुरावा वितळून गेला. गरिबाघरी मातीचं मडकं, तवली आणि एखादी लोखंडी कढई असे. पण हाच आक्षेप माझा मुद्दा पक्का करतो. कारण कोकणातले ज्यांच्या नावाने तोंडाला पाणी सुटतं ते पदार्थ याच स्वस्त भांड्यांतून आले आहेत. माशाचं कालवण मातीच्या तवलीत, भाकरी लोखंडी किंवा मातीच्या तव्यावर, घावणे आणि आंबोळ्या बिडाच्या तव्यावर. घावण्याचं पातळ पीठ तव्यावर पडताच तवा गार झाला तर ते चिकटतं. बीड जाड आणि जड असतं, धरलेली धग एकदम सोडत नाही, आणि तेलाने मुरलेला बिडाचा तवा जितका वापरावा तितका गुळगुळीत होत जातो. म्हणजे चांगलं शिजवणं आणि महाग धातू या दोन गोष्टी त्या काळातही वेगळ्याच होत्या. महाग धातू घेतला जाई शिल्लक, मान आणि टिकाऊपणा यांसाठी.

मग हा व्यवहार मोडला कसा? आधी ॲल्युमिनियम आलं. 1898मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी करायला सुरुवात केली आणि काही दशकांत ‘जर्मन’ची हलकी पातेली गावोगाव गेली. त्यांना कल्हई लागत नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा मोठा भरणा होता आणि गणपती-शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्याच्या सामानातून नवी भांडी घरात आली. 1959च्या सुमारास भारतात प्रेशर कुकर तयार होऊ लागले. पाठोपाठ स्टेनलेस स्टील आलं आणि त्याने खेळच संपवला. न कळकणारं, न गंजणारं, खाऱ्या हवेतही लखलखीत राहणारं भांडं मिळाल्यावर राख आणि नारळाचं सोडण घेऊन पितळ घासत बसणाऱ्या बाईला त्यात सुटका दिसली तर नवल नाही. त्या श्रमांचा हिशेब पितळेचे गोडवे गाणारे सहसा मांडत नाहीत. भांडीवाल्यांनी जुनं पितळ मोडीत घेऊन स्टील द्यायला सुरुवात केली आणि कितीतरी घरांची पिढीजात शिल्लक डबे-वाट्यांत बदलून गेली. 1968मध्ये औरंगाबादेत भोगले कुटुंबाने ‘निर्लेप’ सुरू करून न चिकटणारा तवा मराठी घरात आणला. गिऱ्हाइकं घटली तसे कल्हईवालेही घटले, आणि कल्हईवाला येत नाही म्हणून उरलेलं पितळ माळ्यावर गेलं.

आजच्या महाग भांड्याला हाच जुना हिशेब लावून पाहावा. त्याच्या किमतीत धातूचा वाटा थोडा, कारखानदारी, नाव आणि जाहिरात यांचा मोठा. स्टीलच्या मोडीला पितळेच्या मानाने फारच कमी भाव येतो. न चिकटणारा थर उडाला की तवा निकामी होतो आणि घरोघरी फिरून तो पुन्हा चढवून देणारा कोणी नाही. शिल्लक म्हणून आजचं महाग भांडं काहीच कामाचं नाही. उरतो एकच निकष, शिजतं कसं. इथे मात्र महाग भांड्याची बाजू अगदीच लंगडी नाही. उष्णता वाहून नेण्याची ताकद मोजायच्या एकाच मापात तांबं सुमारे 400, ॲल्युमिनियम 235, पितळ 110 ते 120, बीड 50 आणि स्टेनलेस स्टील जेमतेम 15. म्हणूनच पातळ स्टीलच्या पातेल्यात आच लागते तिथेच खीर करपते आणि कडेला कोमट राहते. स्टीलच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमचा थर दाबून केलेलं तिहेरी भांडं हा दोष खरोखर काढतं. त्यासाठी जादा मोजलेले पैसे मी वाया गेलेले म्हणणार नाही. मिन्याचं बीड फ्रान्समध्ये ल क्रूझे ही कंपनी 1925पासून करते आणि तासन्‌तास मंद आचेवर मांस शिजवायला ते उत्तम आहे. पण आपल्या घरी भात, आमटी, कालवण, पालेभाजी ही सगळी थोड्या वेळाची कामं. सतत ढवळत, मंद आचेवर, लांबवर चालणारी कामं मोजकीच: आमरस आटवणं, दूध आटवणं, नारळाच्या वड्यांचं मिश्रण घोटणं. त्यांना एक जाड बुडाची कढई पुरते.

कोणी म्हणेल, महाग भांडं जन्मभर टिकतं, तेव्हा वर्षाकाठी ते स्वस्तच पडतं. हे बीड आणि जाड तिहेरी स्टील यांच्याबाबत खरं आहे. न चिकटणाऱ्या थराच्या तव्याबाबत खोटं आहे, मग त्यावर कुठल्याही देशाचं नाव असो. रिकामा थराचा तवा मोठ्या आचेवर विसरला आणि तापमान 260 अंशांच्या वर गेलं की थर खराब होऊ लागतो, हे महाग तव्याला आणि स्वस्त तव्याला सारखंच लागू आहे. दुसरा युक्तिवाद असा की चांगलं भांडं हातात आलं की माणूस स्वयंपाकात रमतो. असेलही. मात्र रमण्यासाठी अख्खा संच लागत नाही, आणि दुकानदार विकायला बघतो तो संचच. संचातल्या सात-आठ नगांपैकी रोज चुलीवर चढणारे दोन-तीनच असतात. कोकणातल्या गृहिणीने भात एका टोपात, घावणे वेगळ्या तव्यावर आणि कालवण तिसऱ्याच मडक्यात केलं. पदार्थ पाहून भांडं निवडण्याची ती रीत आजही लागू पडते.

तेव्हा माझा निवाडा असा. घरगुती स्वयंपाकासाठी एक जाड, तिहेरी बुडाची कढई किंवा पातेलं घ्यावं आणि त्यावर हात सैल सोडून खर्च करावा. तवा बिडाचा घ्यावा, तो अजूनही स्वस्त आहे. न चिकटणारा हवाच असेल तर मध्यम किमतीचा घ्यावा आणि चार-पाच वर्षांत बदलायचा आहे हे धरूनच. डाळ-भाताची रोजची पातेली साध्या स्टीलची पुरतात. मोठ्या कार्याची भांडी विकत न घेता शेजाऱ्यापाजाऱ्यांत किंवा सोसायटीत मिळून ठेवावीत. आणि गावच्या घराच्या माळ्यावर आजीचा जाड पितळी टोप पडून असेल, तर नवं काही घेण्याआधी जवळच्या शहरात कल्हई करणारा शोधा. तो टोप घासून, कल्हई करून चुलीवर चढवायला येणारा खर्च नव्या परदेशी भांड्याच्या मानाने नगण्य आहे, आणि काठाखालच्या ठिपक्यांत कोणाचं नाव आहे ते मोडीत देण्यापूर्वी एकदा वाचून लिहून ठेवा.