अॅम्ब्युलन्स गेटवर, गार्ड मुख्यालयात

जेलमधल्या माणसाच्या छातीत दुखायला लागलं तर तो दवाखान्यात कसा पोचतो? तुमच्या-माझ्यासारखं नाही. तो आधी बराकीच्या शिपायाला सांगतो, शिपाई जेलरला, जेलर जेलच्या डॉक्टरला. डॉक्टर म्हणाले बाहेर न्या, की मग पोलीस मुख्यालयाकडून गार्ड मागवायचा. गार्ड बंदोबस्तात असेल, सभा, मिरवणूक, मंत्र्यांचा दौरा असेल, तर थांबा. गार्ड आला की गाडी. मग नांदेडात असाल तर शहराबाहेर विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय, आणि तिथे केसपेपरची रांग.

कोर्ट-पोलीस बीट करताना ही साखळी मी अनेकदा पाहिली. रात्री अकराला नातेवाइकांचा फोन येतो, "साहेब, आत लई त्रास होतोय त्याला, कोणी नेईना." यात आत गेलेला माणूस दोषी की निर्दोष, हा प्रश्नच नाही. नांदेड असो की लातूर, आत असलेल्यांत कच्चे कैदी पुष्कळ असतात, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही.

हा विषय जुना आहे. किती जुना, ते येरवड्याच्या एका गोष्टीवरून कळतं.

मार्च 1922 मध्ये गांधीजींना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते येरवडा जेलमध्ये होते. जानेवारी 1924 मध्ये त्यांच्या पोटात दुखू लागलं, ताप चढला. सिव्हिल सर्जन कर्नल मॅडॉक यांनी निदान केलं अपेंडिसायटिसचं, आणि त्यांना ससून रुग्णालयात हलवलं. तारीख 12 जानेवारी. गांधीजींनी आपल्या ओळखीच्या मुंबईच्या डॉक्टरांची नावं सुचवली, पण ते वेळेत मिळेनात. मॅडॉक वाट बघत बसले नाहीत. श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेतलं, संमतीचं निवेदन तयार झालं, गांधीजींनी थरथरत्या हाताने सही केली आणि त्याच रात्री ऑपरेशन झालं. मध्येच बाहेर वादळ होऊन वीज गेली, टॉर्चही विझली, शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरं केलं. 5 फेब्रुवारीला सरकारने त्यांना बिनशर्त सोडलं.

आता कुणी म्हणेल, ते गांधी होते. बरोबर आहे. ते जेलमध्ये दगावले तर देश पेटेल ही भीती इंग्रजांना होतीच, ते निवेदन त्यासाठीच लिहून घेतलं. पण माझं लक्ष दुसरीकडे जातं. दुखणं ओळखलं, हलवलं, कापलं, हे सगळं एका दिवसात होऊ शकत होतं. 1924 मध्ये. मोबाइल नव्हता, 108 नव्हती.

कायदा काय म्हणत होता? 1894 च्या तुरुंग कायद्याचं 37 वं कलम सांगतं की आजारी दिसणाऱ्या कैद्याचं नाव जेलरला विलंब न करता कळवायचं, आणि जेलरनेही विलंब न करता वैद्यकीय माणसाच्या नजरेस आणायचं. "विलंब न करता" दोनदा आहे! पण हे सगळं भिंतीच्या आतलं. भिंतीच्या बाहेर किती वेळात न्यायचं, यावर ते कलम गप्प. आणि आपल्या मराठवाड्याचं तर न्यारंच. आपण निजामाच्या राज्यातले, पुढे हैदराबाद संस्थान 'ब' वर्गाचं राज्य. मूळ कायद्यात अशी राज्यं वगळलेली होती. राज्याच्या कायद्याने तो आपल्याकडे नंतर आला.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने बरंच बोलून ठेवलं. 1989 च्या परमानंद कटारा निकालात जखमीवर आधी उपचार, पोलिसी कागद नंतर, असं डॉक्टरांना सांगितलं. डिसेंबर 1996 मध्ये दोन निकाल आले. डी. के. बसू प्रकरणात अटकेतल्या माणसाची दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी, आणि राममूर्ती प्रकरणात तुरुंगांच्या नऊ मोठ्या दुखण्यांमध्ये आरोग्याची हेळसांडही.

निकाल आहेत. गाडी कुठे आहे?

तळोजा जेलमधले फादर स्टॅन स्वामी आठवा. पार्किन्सनचा आजार, 80 च्या पुढचं वय. 28 मे 2021 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात नेलं. 5 जुलैला ते गेले. दवाखाना बदलायला हायकोर्टात वकील उभा करावा लागला. आमच्या तालुक्यातल्या सालगड्याचा पोरगा आत असेल तर त्याच्यासाठी कोण उभं राहणार?

आणि घराजवळचं सांगतो, परभणी. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या धरपकडीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी आत गेला. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन. 15 डिसेंबरला जेलमध्ये छातीत दुखू लागलं असं सांगण्यात आलं, आणि रुग्णालयात त्याला मृत घोषित केलं. घाटीत झालेल्या शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे आलेला शॉक असं कारण होतं. सरकारने मारहाण नाकारली. त्याच्या आईच्या याचिकेवर औरंगाबाद खंडपीठाने जुलै 2025 मध्ये गुन्हा नोंदवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. मारहाणीचा प्रश्न कोर्टात आहे, तो तिथेच लागेल. मला दुसरा प्रश्नही सुटत नाही. पहिली तक्रार किती वाजता केली, आणि दवाखान्याच्या दारात गाडी किती वाजता लागली? मधल्या मिनिटांची चर्चा फार कमी झाली.

2014 पासून 108 आहे, सुरुवातीलाच 937 गाड्या घेऊन आली. गाडी जेलच्या गेटवर येईलही. पण गार्डशिवाय कैदी बाहेर पडत नाही. म्हणजे आता अडतं ते गाडीपेक्षा गार्डवर, आणि गार्ड मुख्यालयाच्या हातात. प्रत्येक जेलसाठी चोवीस तास दोन पोलीस फक्त या कामाला राखून ठेवणं एवढं अवघड आहे का? मंत्र्यांच्या ताफ्याला मिळतात की.

नांदेड आणि लातूरसाठी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतलाय. गेल्या पाच वर्षांत बाहेर नेलेल्या प्रत्येक आजारी कैद्याची तक्रार कधी नोंदली, गार्ड कधी मागितला, अपघात विभागात नोंद कधी झाली, एवढंच विचारतोय. कुणाच्या घरचं माणूस या फेऱ्यातून गेलं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, नाव गुप्त ठेवतो. उत्तर आलं की इथेच टाकतो.