जपानी भयपटांतील स्त्री : पडद्यावर आणि पडद्यामागे

चेहरा झाकणारे लांब काळे केस आणि अंगावर पांढरे वस्त्र, ही जपानी भयपटांतील भुताची जगभर परिचित झालेली प्रतिमा होय. हे भूत बहुधा स्त्रीचे असते. अन्यायाने मृत्यू आल्यामुळे सूड घेण्यासाठी परतणाऱ्या आत्म्यास जपानी भाषेत ‘ओन्र्यो’ असे म्हणतात. जिवंतपणी जिचे गाऱ्हाणे कोणी ऐकले नाही, तिला मृत्यूनंतरच दाद मागता येते, हे या कथांचे मूळ सूत्र आहे.

या परंपरेचा महत्त्वाचा स्रोत म्हणजे त्सुरुया नाम्बोकू चौथे यांचे ‘योत्सुया कैदान’ हे 1825 मधील काबुकी नाटक. त्यातील ओइवा ही विवाहिता विषप्रयोगामुळे विद्रूप होऊन मरण पावते आणि विश्वासघातकी पतीचा पिच्छा पुरवते. काबुकी रंगमंचावर 1629 पासून स्त्रियांना बंदी असल्याने ओइवाची भूमिकाही पुरुष नटच करीत असत. या कथेवर अनेक चित्रपट निघाले. त्यांपैकी नोबुओ नाकागावा यांचा 1959 चा चित्रपट विशेष गाजला.

आधुनिक काळात हे सूत्र शहरी जीवनात आले. कोजी सुझुकी यांच्या 1991 मधील ‘रिंग’ या कादंबरीचा नायक पुरुष पत्रकार होता. हिदेओ नाकाता यांनी 1998 च्या चित्रपटात त्याच्या जागी रेइको ही घटस्फोटित पत्रकार माता आणली. मात्र कादंबरीतील सदाको ही जन्मतः स्त्री व पुरुष अशी दोन्ही शारीरिक लक्षणे असलेली व्यक्ती आहे, हा तपशील चित्रपटातून वगळण्यात आला. एका घटकाला स्थान मिळाले, तर दुसरा अदृश्य झाला.

नाकाता यांच्याच ‘डार्क वॉटर’ (2002) मध्ये मुलीचा ताबा मिळविण्यासाठी झगडणारी आई केंद्रस्थानी आहे. तिच्या पूर्वीच्या मानसिक उपचारांचा तिच्याविरुद्ध वापर केला जातो. त्या वेळी जपानी कायद्यानुसार घटस्फोटानंतर पालकत्वाचा अधिकार एकाच पालकाकडे राहत असे. संयुक्त पालकत्वास वाव देणारी दुरुस्ती तेथील संसदेने 2024 मध्ये संमत केली. ताकाशी शिमिझू यांच्या ‘जु-ऑन’ मालिकेतील कायाको ही संशयी पतीकडून मारली गेलेली गृहिणी आहे. तिच्या भयकथेच्या मुळाशी कौटुंबिक हिंसाचार आहे.

हे चित्रपट अमेरिकेत पुन्हा निर्माण झाले, तेव्हा प्रतिनिधित्वाचा प्रश्न वेगळ्या रूपात पुढे आला. ‘द रिंग’ (2002) मध्ये कथानकच अमेरिकेत हलविण्यात आले. ‘द ग्रज’ (2004) चे दिग्दर्शन शिमिझू यांनीच केले व कथा टोकियोतच ठेवण्यात आली. तरीही मध्यवर्ती भूमिका अमेरिकी अभिनेत्रीकडे गेली आणि कायाकोच्या भूमिकेत मात्र ताकाको फुजी ही जपानी अभिनेत्री कायम राहिली.

येथे उल्लेखिलेल्या सर्व जपानी चित्रपटांचे दिग्दर्शक पुरुष आहेत. या क्षेत्रातील मोजक्या दिग्दर्शिकांपैकी मारी आसातो यांनी 2009 मध्ये ‘जु-ऑन’ मालिकेतील एक चित्रपट केला. 2014 मधील ‘फेटल फ्रेम’ या चित्रपटात त्यांनी मुलींच्या निवासी शाळेतील परस्पर आकर्षण हा विषय हाताळला. स्त्रीच्या दुःखावर उभ्या राहिलेल्या या चित्रप्रकारात ते दुःख सांगण्याचा अधिकार मात्र स्त्रीला उशिरा आणि अल्प प्रमाणातच मिळाला आहे.