आधी वरवंटा, मग बाळ

नगरथपेटेतल्या आमच्या भावसार आळीत सागवानी पाळणा एकच होता आणि तो घरोघर फिरायचा. ज्या घरची पोरं जगली-वाचली, त्या घरून पाळणा आणायचा, असा हिशेब. बारशाला त्यात आधी वरवंटा निजवायचा आणि मगच बाळ. रूढीचं कारण बायका काहीही सांगोत, तेवढा दगड पेलला म्हणजे दोऱ्या धड आहेत, एवढं तरी कळायचं! तळाला फळी, तिच्यावर जुन्या लुगड्याची चौघडी, वर दुपटं. दांडीला चन्नपट्टणचा लाखेचा खुळखुळा टांगलेला आणि त्याच्याकडे बघत बाळ उताणं पडलेलं.

माझी सारी नोकरी बेंगळूरच्या नवजात शिशूंच्या वॉर्डांत गेली. तिथं उभी असताना हा पाळणा मला वारंवार आठवायचा. शहाजीराजांना 1638 नंतर इथली जहागीर मिळाली, तेव्हापासून मराठी माणूस या गावात आहे. शिंपी आले, आम्ही रंगारी आलो. 1940 मध्ये वालचंद हिराचंदांनी विमानांचा कारखाना काढल्यावर नोकरदारही आले. बाळंतपणं मात्र बराच काळ घरीच व्हायची. किल्ल्याजवळ 1935 साली वाणीविलास रुग्णालय झालं, तरी सासवांचा सुईणीवरचा विश्वास लगेच हलला नाही.

रात्री निजवलेलं धडधाकट बाळ सकाळी उठत नाही, ही भीती आपल्या बायकांना फार जुनी आहे. सटवाईची पूजा तिच्याच पोटची. पाटा मांडायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, उशाशी विळा ठेवायचा, दिवा विझू द्यायचा नाही आणि बायकांनी रात्रभर जागायचं. बाळ झोपेत हसलं तर सटवाई हसवते, आणि गेलं तर तिनेच नेलं. कुणी आईला दोष देत नसे, ही त्यातली चांगली बाजू. पण पहारा लागायचा पाचव्या-सहाव्या रात्री. झोपेतल्या या अचानक मृत्यूंचा जोर असतो दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात. तोवर दिवा विझलेला, जागणाऱ्या बायका आपापल्या घरी गेलेल्या आणि कितीतरी बाळंतिणी माहेराहून सासरी निघालेल्या. घर नवं, गादी नवी, निजवणारे हातही नवे.

वर्षाच्या आतलं मूल झोपेत गेलं आणि शवविच्छेदन करूनही कारण सापडलं नाही, तर त्याला काय म्हणायचं, हे पाश्चात्य डॉक्टरांनी 1969 मध्ये ठरवलं. तोवर एक घोळ होऊन बसला होता. उताणं मूल ओकलं तर घुसमटेल, म्हणून पालथं निजवा, असं डॉ. स्पॉक यांचं जगभर खपलेलं पुस्तक 1950 च्या दशकापासून सांगत होतं. इंग्रजी वाचणाऱ्या घरांतून हा सल्ला इथेही शिरला. माझी एक मावशी कँटोन्मेंटमध्ये डॉक्टरीणबाईंच्या शेजारी राहायची. ती आमच्या आजीला ‘उताणं निजवणं गावंढळ’ म्हणायची.

आजीच बरोबर होती. हाँगकाँगमध्ये बाळं उताणी निजतात आणि तिथे हे मृत्यू फार थोडे आहेत, हे 1985 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई घरांतही ते गोऱ्या घरांपेक्षा कमी आढळले. 1991 मध्ये दूरदर्शन-निवेदिका अ‍ॅन डायमंड यांचा तान्हा मुलगा असाच गेला. न्यूझीलंडमध्ये काय कळलं आहे ते बघून येऊन त्यांनी ब्रिटनमध्ये उताणं निजवण्याच्या मोहिमेला जोर लावला. अमेरिकेत 1992 मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला फिरवला आणि दहा वर्षांत तिथले हे मृत्यू निम्म्याहून खाली आले. ओकण्याची भीतीही फोल ठरली. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या अंगाला असते, त्यामुळे उलटून आलेलं दूध सहसा तिकडे चढत नाही.

म्हणून आपलं सगळंच शहाणपणाचं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. न्हाऊ घातल्यावर सांब्राणीच्या धुरात बाळाला धरायचं, खिडक्या बंद करायच्या आणि त्याच खोलीत काका विडी ओढायचे. तंबाखूचा धूर हा या मृत्यूंमागचा मोठा धोका आहे. बेंगळूरची थंडी ती केवढी, तरी कुंची, स्वेटर, मोजे आणि वर दोन दुपटी! मी दुपटं सोडायची तेव्हा पोराची पाठ घामाने चिंब असायची. साडीच्या झोळीत तर बाळाचं मुटकुळं होऊन हनुवटी छातीला टेकते. अगदी लहान बाळाचा श्वास तेवढ्यानेही अडू शकतो.

नव्या घरांची तऱ्हा आणखी वेगळी. चौघडी गेली, फोमची गादी आली. पाळण्याला कडेने गुबगुबीत तक्के आणि चार कापडी अस्वलं. अमेरिकेने असे तक्के विकायला 2022 मध्ये कायद्याने बंदी घातली, आपल्याकडे ते बारशाला आहेर म्हणून येतात. शिवाय अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वॉर्डात पालथं ठेवलेलं आईने बघितलेलं असतं, ती घरी जाऊन तेच करते. वॉर्डात त्याला मॉनिटर लावलेला असतो आणि समोर सिस्टर असते. घरी दोन्ही नसतं. बाळ जागं असताना पालथं जरूर घालावं, आपण पुढ्यात बसून. त्याने मान धरते आणि डोकं चपटं होत नाही.

‘सिस्टर, डोकं गोल नको का व्हायला?’ असं विचारत प्रत्येक आजी पिशवीतून मोहरीची उशी काढायची. मी ती परत पिशवीत घालायची. वर्षभर बाळाला उशी नको. घट्ट, सपाट अंथरूण, तोंडाजवळ काही नाही, पाठ खाली, आणि आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या जागेवर. सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन तर कुणीच झोपू नये. उशी शिवून झाली असेल तर उसवा आणि मोहरी फोडणीला वापरा.