करोनाकाळातील विद्यापीठीय विद्यार्थिजीवन, महाराष्ट्र

करोनाकाळातील विद्यापीठीय विद्यार्थिजीवन, महाराष्ट्र : (मार्च 2020 ते 2022 चा उन्हाळा). कोविड-19 च्या साथीत राज्यातील विद्यापीठांची आवारे आधी बंद, मग अर्धवट उघडी आणि पुन्हा बंद होती, त्या सुमारे दोन वर्षांतले विद्यार्थ्यांचे राहणे, शिकणे आणि परीक्षा देणे. राज्यातले पहिले रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यात आढळले. 13 मार्चला राज्य शासनाने 1897 चा साथरोग कायदा लागू केला आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत महाविद्यालये 31 मार्चपर्यंत बंद झाली. हा कायदा मुळात मुंबई-पुण्यातल्या प्लेगमुळे झाला होता. त्याच प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी गेल्या. 2014 पासून पुणे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते.

वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा, मेस, तालमी, कट्टा असे आवारातले जे जे म्हणून होते ते सगळे या काळात थांबले. परीक्षा तेवढी थांबली नाही. म्हणूनच या काळाचा इतिहास लिहिताना शासननिर्णय, परिपत्रके आणि न्यायालयाचे निकाल यांचा ढीग हाती लागतो, आणि विद्यार्थी दिवसभर करत काय होते याची नोंद मात्र शोधावी लागते.

वसतिगृहे : बहुतेकांनी खोली सोडली ती पंधरा दिवसांची सुट्टी समजून. पाठीवरच्या सॅकमध्ये दोन-तीन कपडे, चार्जर आणि जमले तर एखादे पुस्तक. 24 मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा एसटी आणि रेल्वे दोन्ही बंद होत्या, आणि जे निघाले नव्हते ते जागीच अडकले. परदेशी विद्यार्थी, काश्मीर आणि ईशान्येकडील राज्यांतून आलेले, काही संशोधक विद्यार्थी आणि पुण्यात सदाशिव-नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, असे हे लोक. पेठांतल्या मेस बंद पडल्या. मेसवर जेवणाऱ्या मुलांकडे गॅस नव्हता, भांडी नव्हती, आणि कित्येकांना घरमालकाने खोलीत स्वयंपाक करायला आधीपासूनच मनाई केलेली होती. मदतीचे पहिले डबे आले ते संस्था-संघटनांकडून आणि शेजारपाजाऱ्यांकडून.

घरी गेलेल्यांच्या खोल्या कुलूपबंद राहिल्या. पुढे अनेक जिल्ह्यांत महाविद्यालयांची व समाजकल्याण खात्याची वसतिगृहे विलगीकरणासाठी ताब्यात घेतली गेली. पुण्यात शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ऑगस्ट 2020 मध्ये जम्बो रुग्णालय उभे राहिले. रेक्टरच्या परवानगीने सामान न्यायला आलेल्या मुलांना मधल्या पावसाळ्याच्या खुणा दिसत : गादीला बुरशी, कॉटखालच्या झेरॉक्सच्या गठ्ठ्याला कसर, दोरीवर वाळत टाकलेला टॉवेल कडक होऊन तसाच. जर्नलची अर्धी पाने सह्यांवाचून कोरी होती आणि त्या सह्या पुढे कधी झाल्याही नाहीत.

'कमवा आणि शिका' योजनेतल्या विद्यार्थ्यांचे नुकसान वेगळे होते. आवारातल्या कामाच्या तासांवर त्यांचा मेसचा आणि फॉर्मचा खर्च चाले. आवारच बंद म्हटल्यावर काम कुठले? यातले बरेच जण गावाकडे शेतात नाहीतर रोजंदारीवर गेले, आणि त्यातले काही परत आलेच नाहीत.

शिक्षण : ऑनलाइन वर्ग सुरू झाले ते झूम आणि गुगल मीटवर. अभ्यासक्रमाचा खरा गाडा मात्र व्हॉट्सॲपच्या गटांवर आणि टेलिग्रामवरच्या पीडीएफवर चालला. 'आवाज येतोय का?' या प्रश्नाने तास सुरू होई आणि बरेचदा त्यावरच संपे. हजेरी लागेपर्यंत पडद्यावर साठ नावे दिसत, मग त्यांतली किती जागी आहेत हे कळायला मार्ग नसे. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो आधी कोणाला द्यायचा हा प्रश्न होता, आणि बहिणीच्या तासापेक्षा भावाचा तास महत्त्वाचा ठरण्याची रीत इथेही चुकली नाही. पवईच्या आयआयटी मुंबईने जून 2020 मध्येच पुढचे सत्र पूर्ण ऑनलाइन घेण्याचे ठरवले आणि गरजू विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपसाठी देणगीदारांना हाक दिली. अशी हाक ऐकणारे माजी विद्यार्थी तालुक्याच्या महाविद्यालयाने कुठून आणायचे?

कोकणात त्यावर आणखी एक घाव बसला. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब आणि मोबाइल मनोरे कोसळले आणि कितीतरी गावे आठवड्यांमागून आठवडे अंधारात राहिली. मुंबईत त्याच सुमारास ऑनलाइन परीक्षेच्या व्यवहार्यतेवर चर्चा चालू होती. सिंधुदुर्गात रेंजसाठी डोंगरावर खोपटे उभारून वर्ग ऐकल्याची उदाहरणे वृत्तपत्रांत आली आणि जिद्दीची गोष्ट म्हणून त्यांचे भरपूर कौतुक झाले. गावात मनोरा का नाही, हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडला.

सर्वांत विचित्र बदल कृषी विद्यापीठांत झाला. बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला एखाद्या गावात राहून ग्रामीण कृषी कार्यानुभव घ्यावा लागतो. साथीत प्रवास आणि मुक्काम अशक्य झाल्याने हे काम ज्याने त्याने स्वतःच्याच गावात करावे असे ठरले. मग 2020 आणि 2021 च्या पावसाळ्यात जिल्हा आवृत्त्यांची पाने 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' यांच्या छायाचित्रांनी भरून गेली : बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, माती परीक्षणाचा नमुना, भोवती मास्क लावलेले पाच-सहा शेतकरी. ते शेतकरी बहुधा चुलते, मामा आणि बांधाशेजारचे. मुलगा शिकून काय आला आहे हे गावाने या निमित्ताने प्रथमच पाहिले. साथीतल्या शिक्षणात हातात काही पडले असेल तर ते इथे, असे म्हणायला जागा आहे. राज्यशास्त्राच्या किंवा वाणिज्याच्या विद्यार्थ्याला अशी सोय नव्हती.

वैद्यकीय विद्यार्थ्यांचे जग याच्या अगदी उलटे होते. इंटर्न आणि निवासी डॉक्टर कोविड वॉर्डांत पीपीई किट घालून पाळ्या करत होते. त्यांचे वसतिगृह बंद नव्हते, उलट एकाच खोलीत बाधित आणि अबाधित कसे ठेवायचे ही विवंचना होती. औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आपल्या आवारात करोना चाचणीची प्रयोगशाळा चालवली. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना प्रबंध सादर करण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मुदत वाढवून दिली, ती पुढे आणखी वाढत गेली. तोंडी परीक्षा व्हिडिओवर होऊ लागल्या आणि त्यांना आजी-आजोबाही हजर राहू लागले. अभ्यासिका आणि ग्रंथालये उघडायला राज्यात ऑक्टोबर 2020 उजाडला.

परीक्षा : विद्यापीठ अनुदान आयोगाने 29 एप्रिल 2020 रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत मधल्या सत्रांच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत गुण आणि आधीच्या सत्राचे गुण यांच्या आधारे पुढच्या सत्रात पाठवण्याची वाट होती. वाद पेटला तो अंतिम वर्षावरून. राज्यात असे विद्यार्थी आठ लाखांहून अधिक होते. जूनमध्ये राज्य शासनाने परीक्षा न घेता पदवी देण्याचे ठरवले. कुलपती या नात्याने राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्याला हरकत घेतली. 6 जुलैला आयोगाने सप्टेंबरअखेर परीक्षा घेणे बंधनकारक केले. अखिल भारतीय विद्यार्थी परिषद परीक्षांच्या बाजूने, युवासेना विरोधात, आणि युवासेना सर्वोच्च न्यायालयात गेली. 28 ऑगस्टला न्यायालयाने निकाल दिला : साथीमुळे राज्याला परीक्षा पुढे ढकलता येईल, पण परीक्षेवाचून उत्तीर्ण ठरवता येणार नाही.

या सगळ्यात विद्यार्थ्यांचे म्हणणे अधिकृतपणे मांडायला कोणी नव्हते. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या छात्रसंघ निवडणुकांची तरतूद केली, पण त्या प्रत्यक्षात आल्याच नाहीत. 2019 मध्ये ठरल्या त्या विधानसभा निवडणुकीमुळे लांबल्या आणि मग साथ आली. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या नावाने पक्षांच्या आघाड्या बोलल्या आणि विद्यार्थी ट्विटरवर हॅशटॅग चालवत राहिले.

'परीक्षा होणार की नाही' या एका प्रश्नावर मार्चअखेर ते सप्टेंबर असे सहा महिने गेले. नोकरीचे पत्र हाती असलेल्याला पदवी नाही, पुढचा प्रवेश घ्यायचा त्याला गुणपत्रिका नाही. मधल्या काळात काही कृषी महाविद्यालयांच्या गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-19' असा शेरा छापून आला. ओरड झाल्यावर कृषिमंत्री दादाजी भुसे यांनी तो काढायला लावला. कागदावरून तो गेला, पण 'कोविड बॅच' हे नाव तोंडोतोंडी टिकले आणि मुलाखतीत त्यावरून टोमणे ऐकावे लागल्याची तक्रार पुढे बरीच वर्षे होत राहिली.

अखेर परीक्षा ऑक्टोबर 2020 मध्ये झाल्या, बहुतांशी घरून, बहुपर्यायी प्रश्नांच्या, तासाभराच्या. मुंबई विद्यापीठाने महाविद्यालयांचे गट करून एकेका अग्रणी महाविद्यालयाकडे काम सोपवले. त्याच विद्यापीठाच्या दूर व मुक्त अध्ययन संस्थेची परीक्षा सर्व्हरवरील सायबर हल्ल्याचे कारण देऊन पुढे ढकलावी लागली. पुण्याची परीक्षा 12 ऑक्टोबरला सुरू झाली आणि पहिल्याच दिवसांत लॉगिन होत नाही, प्रश्नपत्रिका उघडत नाही, भलत्याच विषयाची दिसते, अशा तक्रारींचा पाऊस पडला. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून, चेहरा कॅमेऱ्याच्या चौकटीत राहील असा बेत करून मुले बसत. वीज गेली की 'टाइम रिमेनिंग'चे आकडे मात्र पळत राहात. कॉपीबद्दल बोलायचे तर एका हाताने पर्याय निवडायचा आणि दुसऱ्या फोनवर गटातून उत्तर घ्यायचे, हे उघड गुपित होते. निकाल चांगले लागले. इतके चांगले, की त्यांवर कोणाचा विश्वास बसला नाही, अगदी ज्यांचे लागले त्यांचाही.

परतणे : 15 फेब्रुवारी 2021 पासून महाविद्यालये निम्म्या उपस्थितीने सुरू झाली आणि एप्रिलच्या दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद. ही लाट पहिलीपेक्षा फार जवळून गेली. पहिल्या वर्षी मुलांना वर्ग नव्हता, दुसऱ्या वर्षी अनेकांना घरातला कमावता माणूस उरला नाही. शुल्कमाफीची मागणी याच काळात जोरात आली. न वापरलेल्या जिमखान्याचे, ग्रंथालयाचे, प्रयोगशाळेचे पैसे का भरायचे, हा मुद्दा इतका सरळ होता की 2021 च्या मध्यास मुंबई आणि पुणे या दोन्ही विद्यापीठांना काही शुल्कांत सवलत द्यावी लागली.

20 ऑक्टोबर 2021 पासून दोन डोस घेतलेल्यांसाठी वर्ग उघडले. अट कागदावर सोपी होती. पण अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली 1 मे 2021 रोजी, पुरवठा येईपर्यंत आणखी काही आठवडे गेले, आणि कोविशील्डच्या दोन डोसांत 84 दिवसांचे अंतर. हिशेब केला तर वर्गातली निम्मीशिम्मी मुले दाराबाहेरच राहात. मुंबईत तिढा दुहेरी होता. लोकलचा पास दुसऱ्या डोसनंतर चौदा दिवसांनी मिळे, आणि लोकलवाचून कल्याण-विरारचा विद्यार्थी फोर्टात वा कालिन्याला पोहोचणार कसा? महिनाअखेरीस महाविद्यालयांतच लसीकरणाची खास मोहीम घेण्यात आली. जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉनमुळे दारे पुन्हा मिटली, 1 फेब्रुवारीपासून ती टप्प्याटप्प्याने उघडली, आणि एप्रिलच्या आरंभी राज्यातले सर्व निर्बंध उठले.

2022 च्या उन्हाळी परीक्षा प्रत्यक्ष होणार म्हटल्यावर ऑनलाइनची मागणी करत मोर्चे निघाले. त्यांची टर उडवली गेली, पण दोन वर्षे पर्यायावर बोट ठेवणाऱ्या हाताला तीन तास पेन चालवण्याची सवय राहिली नव्हती, हे विद्यापीठांनीही मान्य केले : प्रत्येक तासामागे पंधरा मिनिटे जादा मिळाली आणि प्रश्नसंचही देण्यात आले.

सांस्कृतिक जीवन : याची साधने तुटपुंजी आहेत. पवईच्या आयआयटीतल्या काही विद्यार्थ्यांनी माइनक्राफ्ट या संगणकखेळात आपले अख्खे आवार विटेवर वीट ठेवून उभारले. 23 ऑगस्ट 2020 च्या तिथल्या दीक्षान्त समारंभात विद्यार्थ्यांच्या आभासी प्रतिमांनी संचालकांच्या आभासी प्रतिमेकडून पदवी घेतली. विद्यापीठांचा 'इंद्रधनुष्य' युवा महोत्सव खंडित झाला. ऑनलाइन एकांकिका, अभिवाचने, कवितांची लाइव्ह सत्रे झाली, आणि ती फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाहीत.

खरा खंड एकांकिकांच्या जगात पडला. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक हा 1963 पासूनचा. त्याची तयारी म्हणजे जून-जुलैत महाविद्यालयाच्या एखाद्या रिकाम्या खोलीत सुरू होणारी तालीम, आणि त्या तालमीत प्रथम वर्षाचे पोर आधी चहा आणते, मग लेव्हल (मंचावरचे चौथरे) उचलते, पुढच्या वर्षी प्रकाशयोजनेच्या वायरी ओढते आणि तिसऱ्या वर्षी बसवते. कोणी कोणाला शिकवत नाही, जो तो पाहून शिकतो. 2020 ला प्रथम वर्षात आलेला विद्यार्थी 2022 ला तृतीय वर्षात पोहोचला, पण मधल्या सीनिअरांना त्याने तालमीत पाहिलेच नव्हते. सप्टेंबर 2022 च्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी मानाचा करंडक कोणत्याच संघाला न देण्याचा निर्णय जाहीर केला. समाजमाध्यमांवर दोन तट पडले. दर्जा नाही तर नाही, असे एक म्हणत होते, दोन वर्षे मंच न पाहिलेल्या पोरांना ही शिक्षा कशाला, असे दुसरे. दर्जाचा मुद्दा परीक्षकांकडे सोडला तरी, त्या वर्षीच्या बऱ्याच संघांत लेव्हल कशी बांधतात हे सांगायला माजी विद्यार्थ्यांना नोकरीतून रजा काढून यावे लागले होते.